सतरा नंबरची खिडकी

मौन अभ्यासिका, सदाशिव पेठ
बुधवार, २ एप्रिल २०२५

श्री. धम्मदीप यांस, नमस्कार.

तुमचा फोन नंबर माझ्याकडे आहे, पण फोन करणार नाही. फोनवर माणूस हो हो म्हणतो आणि ठेवून देतो. शिवाय आमच्याकडे उंबऱ्याच्या आत बोलायला बंदी आहे. हे दारावरच्या सात पाट्या वाचून तुम्हाला कळलं असेलच. नसेल तर आठवी लावतो. इथे ज्याला जे म्हणायचं ते त्याने लिहून सूचना पेटीत टाकायचं. झाडलोट झाली की तुळजाबाई पेटी उघडतात आणि ज्याच्या नावाचं पाकीट त्याला पोचवतात; त्या तुमच्याच वाघोलीहून येतात, तेव्हा तुमच्या पाकिटांची ने-आणही त्याच करतील. बिननावाच्या चिठ्ठ्या माझ्या खणात जातात, त्या मी एक तारखेला वाचतो. सोळा वर्षं हे असंच चालू आहे आणि कुणी मेलेलं नाही.

आता मुद्दा. आपण वाघोलीहून दर रविवारी येऊन, विश्वस्त संजयरावांच्या शब्दाखातर, फुकटात आमचा जागावाटपाचा प्रोग्रॅम सुधारलात. मला न विचारता सुधारलात. वास्तविक तो मी लिहिला होता. सुरुवात केलीत एक एप्रिलला, त्याबद्दल मी काही बोलत नाही, तारीख स्वतःच बोलते. काल सकाळी सात वाजता भाग्यश्री नावाची मुलगी नेहमीप्रमाणे आली. दारातल्या स्क्रीनवर तिने आपला क्रमांक टाकला. दोन वर्षं तिची जागा सतरा, खिडकीजवळची. काल स्क्रीनवर लाल अक्षरांत आलं, ‘अपात्र’. मागे रांगेत चाळीस जण. कुणी काही बोललं नाही, कारण बोलायला बंदी. मुलगी स्क्रीनकडे बघत राहिली, मग पिशवी उचलून निघून गेली. सतरा नंबर महिन्याच्या सोडतीच्या चिठ्ठीत टाकला गेला आणि सौरभ नावाच्या कुणाला लागला.

तिची मुख्य परीक्षा २७ तारखेला आहे. घरी एकच खोली, माणसं सहा. आज तिला मी चौकातल्या दवाखान्याच्या बाकावर पुस्तक उघडून बसलेली पाहिली. तिथे दर अर्ध्या तासाने नर्स विचारते, पेशंट कोण?

त्या प्रोग्रॅममधली माझी web.xml नावाची फाईल आपण कुठे टाकलीत तेवढं कळवा. ती होती तिथे ठेवा. मुलगी उद्यापासून जागेवर पाहिजे.

हिंदुराव घोरपडे
(माजी कार्यवाह, आजी कटकट)


वाघोली
शुक्रवार, ४ एप्रिल

आदरणीय हिंदुराव सर,

सप्रेम जयभीम. पत्र मिळालं. शाळा सुटल्यापासून मी पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षर सांभाळून घ्या.

फाईल मी डिलीट केली. सर, ती साडेअकराशे ओळींची होती. कोणता भाग कुठे आहे, त्याचा पत्ता काय, कोण कोणाच्या आधी, हे सगळं त्या एका फाईलमध्ये आणि खरा कोड दुसरीकडे. एक नाव बदललं की दोन ठिकाणी बदलायचं, आणि एक कंस राहिला की सगळं बंद. आता तसं करत नाहीत. आता प्रत्येक क्लासच्या, म्हणजे कोडच्या तुकड्याच्या, डोक्यावर एक ओळ लिहायची, त्याला अ‍ॅनोटेशन म्हणतात. मी फिल्टर आहे, मी या पत्त्यावर बसतो, एवढंच. सर्व्हर सुरू झाला की तो ते स्वतः वाचून घेतो. वेगळी फाईल लागतच नाही. आणि हे काही कालचं फॅड नाही, पंधरा वर्षं झाली त्याला.

तुमच्या फाईलमध्ये अधूनमधून टिपा होत्या हे मान्य. पण त्या तुम्ही जुन्या मराठी फॉन्टमध्ये लिहिल्या आहेत. माझ्या स्क्रीनवर नुसते डॉलर, कंस आणि टिंबं दिसत होती. मला वाटलं फाईल खराब झालीय.

राहिला त्या मुलीचा प्रश्न. मी तिचं रेकॉर्ड बघितलं. तिच्याकडे अभ्यासिकेचं ओळखपत्रच नाही. कधीच नव्हतं. प्रोग्रॅमने तिला अपात्र ठरवलं ते बरोबर आहे. मग दोन वर्षं ती बसत कशी होती, हे तुम्हीच सांगा.

आपला,
धम्मदीप


सदाशिव पेठ
शनिवार, ५ एप्रिल

धम्मदीपराव,

अक्षर चांगलं आहे. मजकुराबद्दल तसं म्हणता येत नाही.

ज्याने त्याने आपल्या कपाळावर आपलं नाव लिहून हिंडायचं, ही पद्धत मला समजली. लग्नात वऱ्हाडी तसेच हिंडतात, फक्त तिथे पंगतीला कोण आधी बसणार हे सांगायला कुणीतरी म्हातारा दारात उभा असतो. माझी फाईल म्हणजे तो म्हातारा. तुमच्या पद्धतीत दोन फिल्टर असले, म्हणजे आत येणाऱ्याने ओलांडायची दोन दारं असली, तर आधी कुठलं दार आणि मग कुठलं, हे कुठे लिहायचं? मी काल रात्री जेवण सोडून तुमच्या या पद्धतीचं पुस्तक वाचलं. अ‍ॅनोटेशनमध्ये फिल्टरचा क्रम सांगायची सोयच नाही असं त्यात छापलंय. क्रम हवा असेल तर फाईल लिहा म्हणतात. म्हणजे ज्या म्हाताऱ्याला तुम्ही घराबाहेर काढलंत, त्यालाच पंगतीला बोलवा असं तुमचंच पुस्तक सांगतंय.

माझ्या टिपा तुम्हाला वाचता आल्या नाहीत. वाचता न आलेलं फेकून द्यायचं, ही रीत माझ्या वेळी नव्हती. फार तर विचारायचो.

त्या मुलीबद्दल आपण जास्त खोलात जाऊ नये. ती माझी नात्याची नाही. कुणाच्याच नात्याची नाही असं समजा. मुलगी हुशार आहे, पूर्वपरीक्षा पास झालेली आहे आणि परीक्षेला बावीस दिवस आहेत. क्रम पूर्वीसारखा करा. बाकी चौकशी आपल्याला प्रमोशन मिळाल्यावर करू.

हिंदुराव


वाघोली
मंगळवार, ८ एप्रिल

आदरणीय सर,

तुमचं बरोबर निघालं. लिहायला जड जातंय, पण निघालं. काल ऑफिसमधून आल्यावर तपासलं. माझ्या लॅपटॉपवर फिल्टर तुमच्या जुन्या क्रमाने चालतात, तुमच्या मशीनवर उलटे. क्रम कुठेच लिहिलेला नसला की सर्व्हर त्याला सापडेल तसे घेतो. मी घरी टेस्ट केलं, चाललं, आणि तसंच आणून लावलं. ज्युनियरला मी रोज ज्या चुकीसाठी झापतो, तीच केली. ही चूक माझी. त्या मुलीला चाळीस लोकांसमोर लाल अक्षरं बघावी लागली ती माझ्यामुळे, हे माझ्या मनातून जात नाही.

पण सर, तपासताना तुमचे दोन्ही फिल्टर पण उघडून वाचले. एकाचं नाव ‘ओळखपत्र’. तो पास नसलेल्याला परत पाठवतो. दुसऱ्याचं नाव ‘खिडकी’. तो दोन वर्षांपूर्वी घातलाय. त्यात एकच काम लिहिलंय. भाग्यश्रीचा क्रमांक आला की पुढचं दार वगळून तिला सरळ सतरा नंबरवर बसवायचं. म्हणून तुम्हाला खिडकी आधी हवी होती. हा बग नाही सर. हे मागचं दार आहे.

मी ते परत उघडणार नाही. क्रम ठीक करेन, मागचं दार लावणार नाही. तुमच्या मते ती कुणाचीच नाही. कुणाच्याच नसलेल्या माणसासाठी कुणी चाळीस ओळींचा कोड लिहीत नाही.

ती कोण आहे?

धम्मदीप


सदाशिव पेठ
गुरुवार, १० एप्रिल

प्रिय धम्मदीप,

तुम्ही माझ्या खिडकीला ‘मागचं दार’ म्हणालात. दोन दिवस मी तुम्हाला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या घातल्या. त्या संपल्यावर लिहायला बसलो आहे.

भाग्यश्री ही तुळजाबाईंची मुलगी. म्हणजे जी बाई आपलं हे पाकीट तुमच्याकडे पोचवणार, तिची. डिंकाने नीट चिकटवलंय.

२००९ साली इथे एक कारकून होता. त्याने आपले पाच पुतणे आणि एक साडू खिडकीजवळ आणून बसवले. मी तेव्हा कार्यवाह. सभेत टेबलावर हात आपटून मी नियम करवून घेतला की कर्मचाऱ्याच्या नातलगाला ओळखपत्र मिळणार नाही. मी उभा राहून म्हणालो होतो, “नियम म्हणजे नियम. माझा मुलगा आला तरी नाही.” ते इतिवृत्तात आहे. माझा मुलगा कधी आला नाही, त्याला वाचनाची आवड नव्हती. त्यामुळे नियम पाळायला मला काहीच त्रास झाला नाही.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तुळजाबाई जिने पुसत होत्या आणि मुलगी शेवटच्या पायरीवर बसून राज्यघटना वाचत होती. पाय वर घे म्हटलं की वर घ्यायची, पान न सोडता. वर सतरा नंबर रिकामा होता. मी दिवसभर माझ्याच नियमाला चिकटून बसलो. संध्याकाळी मशीनच्या खोलीत गेलो आणि खिडकी लिहिली. तिला सांगितलं, तुझा नंबर लागला. ते तिला आजवर खरं वाटत होतं. फाईलमध्ये टीप लिहिली होती, ‘हे दार पहिलं. कारण मी चुकलो होतो.’ ती तुम्हाला डॉलर आणि टिंबं दिसली.

सभेत उभं राहून नियम मागे घेता आला असता. पण ज्याने टेबल आपटलं त्याने तेच टेबल पुसायचं, हे पुण्यात फार अवघड आहे. प्रोग्रॅममध्ये खोटं लिहिणं सोपं वाटलं.

मुलीला ‘पेशंट कोण’ म्हणून बाकावरून उठवतात, धम्मदीप. सतरा दिवस राहिलेत. माझा अहंकार बाजूला ठेवा, मागचं दार म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा, पण एवढं करा.

हिंदुराव


वाघोली
शुक्रवार, ११ एप्रिल

सर,

पत्र तीनदा वाचलं.

माझं गाव भंडाऱ्याकडचं. दहावीत असताना तिथल्या वाचनालयात मला एका बाईंनी लपून बसू दिलं होतं, कपाटाच्या मागे. चांगल्या होत्या. त्यांची बदली झाली, नवीन माणूस आला. त्याने विचारलं, तू कोण? आणि माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. त्या बाईंनी मला जागा दिली होती, हक्क दिला नव्हता. म्हणून मी चिडलो. तुमच्यावर नाही, म्हणजे थोडा तुमच्यावर पण.

तुम्ही तिला दोन वर्षं बसवलंत. माझ्या एका चुकीने ती जागा एका सकाळी गेली, आणि भांडायला तिच्या हातात कागदाचा कपटा नाही. उद्या मी दुरुस्त केलं तर परवा माझ्यानंतरचा कुणीतरी परत काढेल.

रविवारी तेरा तारखेला तुमची विश्वस्तांची सभा आहे, संजय सर म्हणाले. तिथे उठा सर. फक्त नियम बदला. तिला ओळखपत्र द्या, मग कुठलाही फिल्टर कुठल्याही क्रमाने लागू दे, ती आत येईल.

क्रमासाठी मी एक छोटी web.xml परत लिहिली आहे. वीस ओळींची. म्हाताऱ्याला दारात उभं केलंय, पण आता त्याच्या हातात फक्त यादी आहे. खिडकी त्यात नाही.

धम्मदीप


सदाशिव पेठ
रविवार, १३ एप्रिल, संध्याकाळ

प्रिय धम्मदीप,

उठलो.

म्हणालो, नियम माझा होता, चुकीचा होता, आणि दोन वर्षं मीच तो चोरून मोडतोय. मला वाटलं आता इतिवृत्त काढतील, मला वाचून दाखवतील. संजयरावांनी घड्याळ बघितलं, विचारलं कुणाची हरकत? कुणाची नव्हती. साबुदाणा वडे आले होते. सोळा वर्षं जो नियम मी छातीवर घेऊन झोपलो तो चार मिनिटांत गेला. खरं सांगायचं तर मला थोडा अपमान वाटला. कुणीतरी एकदा तरी विरोध करायला हवा होता.

मग संजयरावांनी वडा खात खात सांगितलं की ओळखपत्र उद्याच देऊ, पण एप्रिलच्या जागा भरलेल्या आहेत, तिचं नाव मेच्या चिठ्ठीत टाका. परीक्षा एप्रिलमध्ये. म्हणजे पोरीला हक्क मिळाला, खुर्ची नाही. तुमच्या गावच्या बाईंच्या बरोब्बर उलट.

कलम नऊ असं आहे की एखादा सभासद आपली जागा लेखी देऊन दुसऱ्याला सोडू शकतो. पण सतरावर तो सौरभ आहे आणि त्याचीही तीच परीक्षा. त्याला कुठल्या तोंडाने सांगू? धम्मदीप, मी नियम बदलला, आता तुम्ही खिडकी उघडा. फक्त चौदा दिवस. नंतर मी स्वतः पुसतो.

हिंदुराव


वाघोली
सोमवार, १४ एप्रिल, पहाटे

सर,

तुम्ही उठलात, मला फार बरं वाटलं. आज जयंती. आमच्यात या दिवशी अठरा तास वाचतात. वस्तीतली पोरं घेऊन मी इकडच्या विहारात बसणार आहे, म्हणून आज अभ्यासिकेत येणार नाही. तिथे भाग्यश्रीलाही बोलवायचं मनात होतं, पण माझ्यामुळे जिला ‘अपात्र’ दिसलं तिला कुठल्या तोंडाने बोलवायचं, हे मलाही कळत नाही.

खिडकी उघडणार नाही. आता उघडली तर सौरभचं नाव लाल होईल. मग त्याच्यासाठी पत्रं कोण लिहिणार?

दुसरं काही सुचत नाहीये. खरंच सुचत नाहीये. तुम्हाला सुचलं तर कळवा. उद्या संध्याकाळी मशीन बघायला येतो.

धम्मदीप


अभ्यासिका
१५ एप्रिल

घोरपडे साहेब आणि धम्मदीप दादा यांना तुळजाबाईचा नमस्कार.

मी कुणाची पाकिटं उघडत नाय. पण बारा दिवस तुम्हा दोघांची पाकिटं पोचवतेय आणि ती रोज जाड होत चाललीत, म्हणून एक मी पण लिहिते. दोघांना एकच, कागद वाया नको.

तो सौरभ हाय ना, सतरावाला, तो एक दिवस पण सतरावर बसलेला नाय. दोन तारखेपासून जिन्यात बसतोय, शेवटच्या पायरीवर. मी रोज त्याला पाय वर घे म्हणते, तो घेतो. मला वाटलं मोबाईल बघायला बसत असंल. काल सकाळी दार उघडल्या उघडल्या विचारलं, बाबा, वर जागा नाय का तुला? जिन्यात बोलायला बंदी नाय. तो म्हणाला, हाय मावशी, पण ती ताईंची हाय. सगळ्यांना ठाऊक हाय. एक तारखेला त्या गेल्या ते मी बघितलं, मग मला तिथं बसवंना. मी म्हटलं, मग सांगायचं कुणाला तरी. तो म्हणाला, चिठ्ठी टाकलीय की दोन तारखेलाच.

साहेब, ती तुमच्या खणात होती, वर नाव नाय म्हणून मीच न वाचता टाकलेली. बिननावाच्या चिठ्ठ्या एक तारखेला उघडायच्या, हा तुमचा नियम. खण मी उघडला, राग मानू नका. घडी उलगडली तर आधी लिहिलंय, सतरा नंबरच्या ताईंना. पुढं लिहिलंय, मी माझी जागा तुम्हाला देतो, खाली सही. तुमच्या त्या कलमाला एवढं पुरं असंल तर बघा. म्हणजे तेरा दिवस खुर्ची रिकामी होती. माझी पोरगी दवाखान्यात बसलेली, हे पोरगं जिन्यात, आणि तुम्ही दोघं पत्रं लिहीत बसलेले. मी रोज ती खुर्ची पुसत होते आणि मला पण कळलं नाय, तेव्हा तुम्हाला एकट्यांना बोल लावत नाय.

कालच पोरीला लगेच हाताला धरून आणली. येत नव्हती. म्हणाली, आई, परत लाल आलं तर? मी म्हटलं, येऊ दे, मी हाय मागं.

लाल आलं नाय. काहीच आलं नाय. कारण सौरभला बसायला मी मशीनच्या खोलीत टेबल लावलं, तिथं पंखा हाय. मशीन जरा सरकवली तर एक वायर निघाली. ती कुठली ते मला कळंना, म्हणून तशीच ठेवली. काल सुट्टीचं वाचायला सगळी अभ्यासिका भरली होती आणि स्क्रीन दिवसभर बंद. साठ जण आले आणि ज्याच्या त्याच्या जागेवर जाऊन बसले. कुणी कुणाला काय विचारलं नाय.

वायर आज येऊन लावा. सावकाश या, घाई नाय.

पोरगी सतरावर बसलीय, वाचतीय. वर येताना आवाज करू नका.

तुळजाबाई